मास्तरांचे मनगट आणि मालकांचा लॅपटॉप

गणवेश शिवण्याच्या त्या कारखान्यात शिलाईयंत्रांवर बसणारे पुष्कळ होते, इस्त्रीवाला होता, काजे-बटणे करणाऱ्या मावशी होत्या. पण कापडाला कात्री लावण्याचा अधिकार एकट्या मास्तरांचा होता. उत्तरेच्या मोठ्या खिडकीखाली त्यांचे टेबल होते. लांबीला ते एवढे होते की, दोन माणसे डोक्याला डोके लावून त्यावर आडवी झाली असती. अर्थात मास्तरांनी ती होऊ दिली असती तर. त्या टेबलावर चहाचा कप ठेवण्याची मुभा खुद्द मालकांनाही नव्हती. एकदा त्यांनी विसरून ठेवला, तेव्हा मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि ते कपाकडे शांतपणे पाहत उभे राहिले. मालकांनी तो चहा पुढे जिन्यात जाऊन प्यायला.

मास्तरांचे सारे काम रीतसर चाले. कात्रीची मूठ नेहमी उजवीकडे, गुण्या भिंतीला टेकलेला, खडूंची टोके एकाच दिशेला. यांहून मोठा नियम डाव्या हाताचा. कापडावर डावा हात सपाट ठेवल्यावाचून उजव्या हाताने काहीही करायचे नाही, हे त्यांच्या गुरूंनी त्यांना ऐन उमेदीत शिकवले होते. कापड म्हणजे झोपलेले मूल; हात ठेवला नाही तर कूस बदलते, असे ते गुरू म्हणत. मास्तरांनी हा उपदेश कापडापुरता ठेवला नाही. पत्र लिहिताना, भाकरी मोडताना, दाराचे कुलूप उघडतानासुद्धा त्यांचा डावा हात आधी त्या वस्तूवर जाऊन विसावे आणि मगच उजवा हलू लागे.

या डाव्या हाताच्या मनगटावर एक चामडी पट्टा असे आणि त्या पट्ट्यावर एक गोल, काळे, जाड लोहचुंबक. जुन्या रेडिओच्या कर्ण्यातून काढलेले ते चुंबक मोठे जबर होते. टाचण्या तोंडात धरण्याची शिंप्यांची वाईट सवय मास्तरांना मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या टाचण्या चुंबकावर, साळिंदराच्या पाठीवर काटे उभे राहावेत तशा, उभ्या असत. जमिनीवर सांडलेल्या टाचण्याही ते वाकून, नुसते मनगट फिरवून, गोळा करीत. हे चुंबक सकाळी आंघोळीनंतर मनगटावर चढे आणि झोपताना उतरे. लोक जेथे घड्याळ बांधतात तेथे ते असल्यामुळे रस्त्यात अनोळखी माणसे वेळ विचारीत, आणि मास्तर अत्यंत सभ्यपणे उजव्या मनगटावरचे घड्याळ पाहून ती सांगत. इतक्या वर्षांत ते चुंबक ही एक वस्तू आहे, याचा विसर त्यांना आणि सर्वांनाच पडला होता. माणसाला कोपर असते, तसे मास्तरांना चुंबक होते.

असे सगळे सुरळीत चालले असताना मालकांनी लॅपटॉप आणला.

एका मोठ्या हॉटेलच्या दारवानांचे लांब कोट शिवण्याचे काम कारखान्याला मिळाले होते, आणि हॉटेलच्या माणसाने बोलता बोलता विचारले होते, की तुमच्याकडे अजून खडूनेच आखतात का. हा प्रश्न मालकांच्या मनाला लागला. दुसऱ्याच दिवशी नवाकोरा लॅपटॉप खोक्यातून बाहेर निघाला. सर्वांना यंत्रे बंद करून टेबलाभोवती बोलावण्यात आले. लॅपटॉप मात्र टेबलाशेजारच्या एका छोट्या मेजावर ठेवला, कारण मास्तरांनी तशी विनंती केली.

मालक म्हणाले, "यापुढे कपड्याचे नमुने यावर आखायचे. खडू बंद. आणि माझं बोलणं स्पष्ट असतं, मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं. ज्याच्या हातानं हा सुरू होईल, तो या मोठ्या टेबलाचा धनी. बाकीच्यांनी मागच्या खोलीत दोरे कापायला बसायचं."

बाकीचे म्हणजे मास्तर किंवा मामा, हे सर्वांना कळले. मामा म्हणजे मालकांचे मेव्हणे. मालकांची मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून सारा कारखानाच मामा म्हणू लागला. गोल चेहऱ्याचे, हसतमुख आणि खुर्चीवर जिवापाड प्रेम करणारे हे गृहस्थ. कारखान्यात ते नेमके काय करीत, हे कोणी विचारीत नसे, आणि तेही आपण होऊन सांगत नसत. मागची खोली म्हणजे तयार कपड्यांचे लोंबते दोरे कापण्याची जागा. तिला खिडकी नव्हती. जन्मभर उत्तरेच्या उजेडात उभ्या राहिलेल्या माणसाने तेथे बसायचे, ही कल्पनाच मास्तरांच्या घशाखाली उतरेना. पण ते म्हणाले, "शिकून घेऊ. कापडाची जात ओळखायला जमलं, तर हेही जमेल."

प्रथम मालकांनी कळ दाबली. पडदा उजळला, एक सूर वाजला. त्यांनी तो बंद केला. मग मामांनी दाबली, पुन्हा उजळला. मावशींनी कुतूहलापोटी दाबली, तरी उजळला. "या, मास्तर," मालक म्हणाले.

मास्तर पुढे झाले. त्यांनी आधी रुमालाने बोटे पुसली. मग लॅपटॉपच्या कळफलकाखाली जी सपाट जागा असते, तेथे, नवे यंत्र बिचकून कूस बदलू नये म्हणून, डावा हात हलकेच ठेवला आणि उजव्या हाताच्या तर्जनीने कळ दाबली.

लॅपटॉप ढिम्म राहिला.

पुन्हा दाबली. दिवा नाही, सूर नाही. मास्तर दोन पावले मागे सरले. मामांनी दाबली, लॅपटॉप लगेच उजळला. मास्तर पुढे आले आणि त्यांनी त्यावर मायेने डावा हात ठेवला. पडद्याने पट्कन डोळे मिटले.

वाचकांना येथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण उगाच कोडे घालून ठेवणे मला पसंत नाही. अशा लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसे चुंबक बसवलेले असते. झाकण मिटले की ते खालच्या भागाजवळ येते, आणि त्यावरून यंत्राला समजते की आपल्याला मिटले आहे, आता निजावे. मास्तरांचे जबर चुंबक तेथे टेकले की लॅपटॉपची खात्री पटे, आपले झाकण लागले. तो आज्ञाधारकपणे निजे, आणि निजलेला असताना कोणी कळ दाबली तरी तिला दाद देत नसे. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. परंतु हे त्या खोलीत कोणालाही ठाऊक नव्हते. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालतात, तो निदान पायांनी घालतात. येथे पुढचे काही दिवस साऱ्या कारखान्याने डोक्याने वळसे घातले.

दुरुस्तीवाल्याला बोलावण्यात आले. तो स्वतःला लॅपटॉपचा डॉक्टर म्हणवीत असे आणि डॉक्टरांप्रमाणेच आधी रोग्याकडे न पाहता नातेवाइकांकडे पाही. त्याने यंत्र तपासले, उलटे केले, सुलटे केले, चालू केले, बंद केले.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"मास्तरांनी लावला तर लागत नाही," मालक म्हणाले.

"असं होत नसतं साहेब."

"मास्तर, दाखवा यांना."

मास्तरांनी दाखवले. दुरुस्तीवाल्याने चष्मा काढून पुसला. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. मास्तरांनी पुन्हा दाखवले. मग दुरुस्तीवाला बराच वेळ मास्तरांकडेच पाहत राहिला. लॅपटॉपमधला बिघाड मास्तरांमध्ये सरकला आहे, असे त्याला वाटू लागल्याचे स्पष्ट दिसले.

"काही माणसांच्या अंगात वीज असते," तो म्हणाला. "तुम्ही दिवसभर लोकरीच्या कापडात वावरता. ती अंगात मुरली असणार."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी ही चिकित्सा सुरू झाली. मास्तरांना रबरी बूट घालण्यात आले. वीज जमिनीत जाऊ नये की जावी, याबद्दल थोडा मतभेद झाला. शेवटी ते लाकडी स्टुलावर उभे राहिले, म्हणजे दोन्ही मतांचा मान राहिला. दारवानांच्या गणवेशाबरोबर द्यायचे पांढरे हातमोजे त्यांच्या हातांत चढवले. डाव्या हातमोज्याची कड चुंबकाच्या पट्ट्याखाली इस्त्रीवाल्याने नीट खोचून दिली.

"आता अंगावरची सगळी धातूची चीजवस्तू काढा," दुरुस्तीवाला म्हणाला.

मास्तर हुकमाचे पक्के. त्यांनी उजव्या हातावरचे घड्याळ काढले. किल्ल्या काढल्या. कमरेचा पट्टा काढला आणि विजार एका हाताने धरली. चष्मा काढला. गळ्यातल्या टेपच्या टोकाला पितळेची पट्टी असते, म्हणून टेप काढला. मग त्यांना टाचण्या आठवल्या. त्यांनी चुंबकावरची एकेक टाचणी उपटून, सर्वांची डोकी एका बाजूला येतील अशी, बशीत रचून ठेवली. चुंबकाकडे कोणीही पाहिले नाही. मास्तरांनी तर नाहीच. आपण कोपर काढून ठेवतो का?

स्टुलावर, रबरी बुटांत, पांढऱ्या हातमोज्यांत, चष्म्याविना, एका हाताने विजार सावरीत उभे राहिलेले मास्तर आरमारातून बडतर्फ झालेल्या सेनापतीसारखे दिसत होते. त्यांनी विजार सोडण्याचा धोका पत्करला, डावा हात ठेवला, उजव्याने कळ दाबली.

लॅपटॉप ढिम्म.

"सगळं काढलंत ना?" दुरुस्तीवाल्याने विचारले.

"टाचण्यासुद्धा," मास्तर म्हणाले, आणि वाकून विजार उचलू लागले. मावशी तोवर भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुरुस्तीवाल्याने निदान केले, की यंत्र निर्दोष असून मास्तरांच्या प्रकृतीशी ते जुळत नाही. आणि तो गेला. त्यानंतर ज्याचे त्याचे तर्क सुरू झाले. इस्त्रीवाल्याचे म्हणणे, मास्तरांचा स्वभाव थंड आहे, यंत्राला जरा गरम माणूस लागतो. मावशींनी वेगळाच विचार मांडला.

"अहो, तान्ही मुलं नसतात का तशी? एखाद्यानं घेतलं की भोकाड पसरतात. त्याला वाईट काय वाटून घ्यायचं? तुम्ही आधी नुसते शेजारी बसत जा, मास्तर. हात लावू नका. चार दिवस वास ओळखीचा होऊ द्या."

"मावशी, यंत्र आहे ते."

"मग काय झालं? माझं काजाचं यंत्रसुद्धा दुसऱ्या कुणी हात लावला की दोरा तोडतं."

मास्तर विचारी गृहस्थ होते, त्यांना हे पटले नाही. पण टेबल जाण्याची वेळ आली की विचारी माणूसही पटवून घेतो. पुढे रोज जेवणाच्या सुट्टीत ते लॅपटॉपशेजारी स्टूल घेऊन, हात मांडीवर ठेवून, पाहुण्या मुलासमोर बसावे तसे बसू लागले. लॅपटॉप त्यांच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहत राही. ओळख वाढते आहे, असे त्यांना वाटे. मग सुट्टी संपताना ते सभ्यपणे डावा हात पुढे करीत, आणि तो डोळे मिटून घेई.

"रुसवा आहे," मावशी जाता जाता म्हणत. "उद्या बघा."

दरम्यान कोटांचे काम खोळंबले होते. मालकांनी तात्पुरती व्यवस्था लावली: मामांनी लॅपटॉपसमोर बसायचे, आणि मास्तरांनी खोलीच्या बाहेर, व्हरांड्यात उभे राहून, खिडकीच्या गजांतून सांगायचे. मास्तर आत असले की यंत्र बिथरते, असा आता सार्वत्रिक समज झाला होता.

"बाही खांद्यापाशी अर्धं बोट आत घ्या," मास्तर गजांबाहेरून सांगत.

"कुणाचं बोट, मास्तर? माझं की तुमचं?"

"माझं धरा."

"मग हात आत घाला, बघू तरी."

"मी हात आत घातला की ते विझेल."

"हां, तेही खरंच. राहू द्या. मी अंदाजानं घेतो."

"अंदाजानं घेऊ नका, मामा."

"अहो, दारवानाला काय, दारच उघडायचंय ना? तेवढा हात वर गेला म्हणजे झालं."

येणारेजाणारे पाहत, आणि कारखान्यात कोणाला तरी कोंडले असून मास्तर भेटायला आले आहेत, अशी त्यांची समजूत होई. पाहणाऱ्याला कोंडलेला कोण, हे मात्र नीट ठरवता येत नसे.

अखेर मालकांचा धीर सुटला. "मास्तर, माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही," ते म्हणाले, "पण मी बोलून चुकलोय. ज्याच्या हातानं सुरू होईल त्याचं टेबल. शब्द फिरवला, तर उद्या कारखान्यात माझं ऐकेल कोण? आज टेबल मामांच्या हवाली करा."

मास्तरांनी मान हलवली. हवाली करायचे, तर तेही रीतसर करायचे. त्यांनी टेबल पुसले. मामांना समोर उभे केले आणि एकेक वस्तू हातात दिली: मोठी कात्री, लहान कात्री, गुण्या, खडूंची पेटी, टेप. मामा प्रत्येक वस्तू जळता कोळसा घ्यावा तशी घेत होते.

"ही कात्री कापड सोडून कशालाही लावायची नाही. कागदालाही नाही."

"नाही लावणार."

"टेबलावर कप नाही."

"मुळीच नाही," मामा म्हणाले, आणि इकडेतिकडे खुर्ची दिसते का ते पाहू लागले.

आता काही उरले नव्हते. मास्तर परत फिरले, थबकले, आणि त्यांची नजर आपल्या डाव्या मनगटावर गेली. टाचण्या चुंबकावर उभ्या होत्या. मागच्या खोलीत दोरे कापायला टाचण्या लागत नाहीत. त्यांनी पट्टा सोडवला. खालची कातडी इतकी पांढरी निघाली की ती दुसऱ्या कोणाची असावी. त्यांनी तो पट्टा स्वतःच्या हातांनी मामांच्या डाव्या मनगटावर बांधला, आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले.

मालक घसा खाकरून म्हणाले, "चला मामा, करा सुरुवात."

मामा सुटकेचा निःश्वास टाकून लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसले. दोन्ही मनगटे टेकवून त्यांनी कळ दाबली. काही झाले नाही. पुन्हा दाबली. जिन्याची शेवटची पायरी नसताना पाय टाकावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"भावोजी, मी काहीच केलं नाही."

"नीट दाबा."

"नीटच दाबतोय. रोज हेच बोट असतं."

सर्वजण जमले. मामा खूप घामाघूम झाले. इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "यंत्राचा राग मास्तरांवर नव्हता. जो टेबलाचा धनी, त्याच्यावर होता." हे वाक्य सर्वांना फार पटले. मावशींनी तर पदर सावरून खुर्चीपासून लांब उभे राहणे पसंत केले. मालकांनी थोडा वेळ लॅपटॉपकडे, थोडा वेळ मेव्हण्याकडे पाहिले आणि सांगितले, "पुरे झालं. उद्या हे यंत्र दुकानात परत. जसं चाललं होतं तसं चालू द्या. खडूनं आखा."

म्हणजे मास्तरांचे टेबल वाचले. काही न करता, न बोलता वाचले. पण खिडकीपाशी उभ्या असलेल्या मास्तरांनी तेवढ्यात एक गोष्ट पाहिली होती. मामांनी गोंधळून कान खाजवायला डावा हात वर नेला, तेव्हा पडदा उजळला होता. हात खाली आला, तसा विझला. मामा पुन्हा कान खाजवू लागले, पुन्हा उजळला. इतरांचे लक्ष मामांच्या चेहऱ्याकडे होते. मास्तरांचे मात्र जन्मभर माणसांच्या हातांकडेच लक्ष असे. हाताची लांबी मोजल्याशिवाय बाही होत नाही.

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेल्यावर पत्नीने दार उघडले आणि पहिला प्रश्न केला, "हात उघडा कसा? हिसकावून घेतलं की काय कुणी?"

मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता भाजी निवडण्याचे तिचे काम थांबले नाही.

"म्हणजे इतके दिवस तुमच्या त्या ठोकळ्यानंच हे सगळं केलं?"

"तसंच दिसतं."

"आणि मी रोज म्हणते, झोपताना तो माझ्या कपाटाजवळ ठेवू नका, आपोआप दारं चिकटतात. तेव्हा कुठं गेली होती ही अक्कल?"

"आता मुद्दा असा की, उद्या ते यंत्र परत जाणार."

"जाऊ द्या की. तुमचं टेबल राहिलं ना? तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"विचारलं नाही."

"मग गप्प बसा."

मास्तरांना ते जमेना. "कापडात दोष दिसला," ते म्हणाले, "आणि गिऱ्हाइकानं विचारलं नाही, म्हणून आपण कधी तो झाकून कोट शिवला का? तो बिचारा निर्दोष आहे, आणि बदनाम होऊन परत जायचा."

"कोण, मामा?"

"लॅपटॉप."

पत्नीने शेंग खाली ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिले. "सांगायचं तर सांगा. पण सांगून झाल्यावर दोरे कापायला बसावं लागलं, तर रोज संध्याकाळी इथं येऊन उसासे टाकायचे नाहीत. ते मी ऐकणार नाही. हे आत्ताच ठरवून जा."

मास्तरांनी ठरवले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस येण्यापूर्वीच मालकांना गाठले. मालकांचा विश्वास बसला नाही. "तुमचं मन मोठं आहे, मास्तर," ते म्हणाले, "पण यंत्राला पाठीशी घालू नका." तेव्हा मास्तरांनी मामांच्या हातचे चुंबक सोडवून घेतले आणि लॅपटॉप सुरू करायला सांगितला. तो सुरू झाला. मास्तरांनी चुंबक त्या सपाट जागेवर टेकवले, तो विझला. उचलले, उजळला. टेकवले, विझला. खेळ करणाऱ्या जादूगाराइतकेच त्यांचे मुख गंभीर होते. इतके दिवस विजेपासून रुसव्यापर्यंत एवढे थोर थोर विचार झाले, आणि शेवटी एवढेसे निघाले, याचा थोडा रागच सर्वांना आला.

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मी धातू काढा म्हणून सांगितलं होतं."

"मी टाचण्या काढल्या होत्या," मास्तर म्हणाले.

आता मालकांपुढे पेच आला. यंत्र चांगले म्हणजे ते राहणार. ते राहणार म्हणजे त्यांचा शब्दही राहणार. आणि यंत्र चालवता येते मामांना. मास्तरांनी आपल्याच हातांनी आपले टेबल घालवले होते. त्यांनी टेबलाकडे न पाहता मागच्या खोलीची वाट धरली.

"थांबा हो, मास्तर," मामा म्हणाले. मग मेव्हणेपणाचा सारा धीर गोळा करून ते मालकांकडे वळले. "भावोजी, मला ते टेबल नको."

"का? काय झालं?"

"त्याला खुर्ची नाही."

"देतो खुर्ची."

"टेबलाला खुर्ची नसते," मास्तर दारातून म्हणाले. हे त्यांच्या तोंडून आपोआपच गेले.

"बघा," मामा म्हणाले. "अहो, मी यावर बसून रेघा ओढीन, जन्मभर ओढीन. पण रेघ ओढली म्हणजे कापड कापलं जातं का? मग उभं राहून ते कापायचं कुणी? काल ती मोठी कात्री हातात आली, ती मी अजून उघडलेली नाही."

मालकांनी लॅपटॉपकडे पाहिले, मग कापडाच्या ताग्यांकडे पाहिले. यंत्र आखते, कापत नाही, हा विचार त्यांच्या मनात प्रथमच येत असावा, असे त्यांच्या भुवयांवरून दिसले. पण मालकाने ते एकदम कसे मान्य करायचे?

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "मामा आखतील, मास्तर कापतील. पण माझा शब्द तो शब्द. ज्याच्या हातानं सुरू होईल त्याचं टेबल, असं मी चारचौघांत बोललोय. तेव्हा मास्तर, एकदा तरी, सगळ्यांसमोर, तुमच्या हातानं तो सुरू झाला पाहिजे."

सर्वांना पुन्हा यंत्रे बंद करून बोलावण्यात आले. मास्तरांनी चुंबक मोठ्या टेबलावर ठेवले. बोटे पुसली. उघडा, पांढरा डावा हात लॅपटॉपवर ठेवला. त्याला टाचण्यांचा भार नव्हता. त्यांनी उजव्या हाताने कळ दाबली.

दिवा लागला. सूर वाजला. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

"झालं," मालक म्हणाले, आणि लोक पांगले. मावशी जाताना म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, ओळख व्हायला वेळ लागतो?" चुंबकाची गोष्ट त्यांनी मुळातच मानली नव्हती.

मास्तर मात्र तेथेच उभे होते. लॅपटॉप त्यांच्याकडे पाहत होता, ते लॅपटॉपकडे पाहत होते. उघडलेली वस्तू मिटल्यावाचून जागा सोडणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते, आणि मिटायचे कसे, ते त्यांना कोणी शिकवले नव्हते.

"मामा," ते हळू आवाजात म्हणाले, "आता हा बंद कसा करायचा?"

मामांनी खुर्ची पुढे ओढली, तीत ऐसपैस बसले आणि मोठ्या टेबलावरच्या चुंबकाकडे बोट दाखवले. "तुम्हाला तर फार चांगलं येतं की, मास्तर."

मास्तरांनी चुंबक उचलून मनगटावर बांधले, पट्टा नेहमीच्या भोकात बसला याची खात्री केली, आणि डावा हात लॅपटॉपवर ठेवला. त्याने डोळे मिटले. मग ते मोठ्या टेबलापाशी गेले, दारवानांच्या कोटाचा तागा उलगडला आणि त्यावर हात फिरवून उभे राहिले.